चरणजित सिंग: बेसच्या छोट्या मशीनवर राग वाजवणारा मुंबईकर

चरणजित सिंग मुंबईत हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायचे. 1982 मध्ये त्यांनी एक अल्बम काढला: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. त्यासाठी त्यांनी रोलँड टीबी-303 निवडला. बेस गिटारवाला नसेल तर त्याच्या जागी वाजावा म्हणून बनवलेला हा छोटासा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर. एका वेळी एकच स्वर! पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्यात होती, म्हणजे जवळपास मींडच. भैरव, यमन, मालकंस त्यावर शोभतात (हेडफोन लावून ऐका).

रेकॉर्ड खपली नाही. मशीनही 1984 मध्ये बंद झालं. 1987 मध्ये शिकागोत त्याच मशीनमधून 'अ‍ॅसिड हाऊस' गाजलं. सिंग यांचा अल्बम 2010 मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा ते सत्तरीला आले होते. मग युरोपात कार्यक्रम झाले. जुलै 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.