चाकापासून मोटार घडवू पाहणारे वालचंद

बारामती किंवा इंदापुरात नवी मोटार घेतलेल्या गृहस्थाला पहिल्या वर्षात एक चुटपुट बहुधा लागतेच. गाडी उभी करताना चाक फुटपाथच्या दगडाला घासते आणि चकाकत्या अ‍ॅलॉय व्हीलची कडा खरवडून निघते. हे चाक पोलादी नव्हे. अ‍ॅल्युमिनियममध्ये इतर धातूंचा अंश मिसळून घडवलेले. एत्तोरे बुगाती या मोटारनिर्मात्याने १९२४ साली फ्रान्समधील लियाँच्या शर्यतीत अशी ओतीव चाके लावलेल्या मोटारी उतरवल्या होत्या. शर्यतीतला तो थाट आज घरगुती मोटारीलाही आला आहे.

नुसती कडा खरचटली असेल तर इलाज सोपा. टायर उतरवून कडा पॉलिशपेपरने घासायची, खळगे धातूच्या पुट्टीने भरायचे, मग प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक लॅकर. लेथवर कातून चकाकी दिलेल्या चाकाला मात्र पुन्हा लेथवरच चढवावे लागते, आणि दर खेपेला धातूचा एक पातळ थर जातो. त्यामुळे हा उपाय वारंवार करता येत नाही. चाकाला चीर गेली असेल तर ते बदलणेच शहाणपणाचे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद कमी होते. स्टिअरिंग थरथरू लागले असेल, तर रंगाचा विचार नंतर. आधी चाक वाकले आहे का ते पाहावे.

लेथ, वेल्डिंग आणि रंगकाम तालुक्याच्या गावी मिळते याचे आज कोणाला नवल वाटत नाही. बारामतीत तर पियाजिओसारखी कंपनी वाहनेच बनवते. परंतु शंभर वर्षांपूर्वी भारतात मोटार घडवली जात नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत कारखाना काढला तोही परदेशाहून आलेले सुटे भाग जोडण्यासाठी. ही परिस्थिती पालटण्यासाठी ज्या उद्योगपतीने उत्तरायुष्य खर्ची घातले, त्याचेच नाव इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला मिळाले आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजरातमधून आलेले, दिगंबर जैन. व्यवसाय व्यापार आणि सावकारीचा. मुंबई-पुण्यातील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या पेढीवर आले, पण तिथे त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची ठेकेदारी पत्करली. बार्शी लाइट रेल्वेपासून सुरू झालेला हा व्यवसाय पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला. मोठ्या कामाला हात घालण्याची हिंमत त्यांना या ठेक्यांनीच दिली असावी.

१९१९ मध्ये ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या स्थापनेत अग्रभागी होते. त्या वर्षी ५ एप्रिलला कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. राष्ट्रीय सागरी दिन आजही त्याच तारखेला पाळला जातो. इंग्रज जहाज कंपन्यांनी दर पाडून सिंदियाची कोंडी केली, तरी ती कंपनी तगली.

इंदापूरशी त्यांचा संबंध साखरेमुळे आला. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण दिले आणि ठिकठिकाणी कारखाने उभे राहू लागले. नीरा खोऱ्यात कळंब गावाजवळच्या माळरानावर वालचंदांच्या उद्योगसमूहाने ऊसशेती आणि साखर कारखाना उभारला, आणि भोवती वसाहत वाढली. साखरेपाठोपाठ इथे अवजड अभियांत्रिकी आली. वालचंदांच्या पश्चात याच गावात साखर कारखान्यांची यंत्रे तयार झाली आणि इस्रोच्या अग्निबाणांची आवरणेही.

मोटारीचा ध्यास मात्र सर्वांत खडतर ठरला. भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकात मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. महायुद्ध सुरू झाले होते आणि सैन्याला वाहने हवी होती. तरीही ब्रिटिश सरकारने या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योगाचा दर्जा दिला नाही. वाहने बाहेरून आणता येत असताना ती इथे बनवण्याची सरकारला निकड वाटली नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

दरम्यान डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट स्थापन केली. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. हे दोन्ही उद्योग अखेर सरकारकडे गेले. विमान कारखाना तर १९४२ मध्येच. पायाभरणी वालचंदांनी करावी आणि ताबा दुसऱ्याकडे जावा, हे त्यांच्या वाट्याला दोनदा आले.

मोटारीच्या बाबतीत मात्र त्यांनी माघार घेतली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या बनावटीची वाहने बाहेर पडू लागली. सुरुवात इथेही जोडणीनेच झाली. फरक इतकाच की एकेक भाग इथे बनवत जाण्याचा संकल्प होता. १९४९ मध्ये पक्षाघाताने वालचंद खचले. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना दार बंद करण्याचे ठरवले. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. ज्या धोरणासाठी वालचंद झगडले, ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आले.

१९५४ मध्ये कुर्ल्यात फियाट ११०० येऊ लागली. पुढे तीच प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बनली. तिची चाके पत्र्याची होती. दगडाला धडकून वाकली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री हातोड्याने ठोकून सरळ करी, आणि सुटे भाग कुठेही मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुंबईतील शेवटची नोंदणीकृत टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमामुळे रस्त्यावरून उतरली.