ग्रंथ ग्रे यांचा, रेषा कार्टर यांच्या

वैद्यकीय महाविद्यालयात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आरंभी जी हाडे दिली जातात, त्यांत मणका असतोच. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके, त्यांच्याखाली एकजीव झालेले त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे बहुधा ४, अशी ही माळ. तिच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो आणि मज्जातंतूंच्या ३१ जोड्या त्यातून बाहेर पडून हातापायांच्या बोटांपर्यंत पोचतात. ही रचना समजून घेताना जगभरच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या ग्रंथाचा आधार घेतला तो 'ग्रेज अॅनाटॉमी'. परभणीतही २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; तेथील विद्यार्थ्यालाही हे नाव अपरिचित नसणार. परंतु या ग्रंथातील चित्रे काढणारा मनुष्य ग्रंथ छापून होण्यापूर्वीच मुंबईस आला आणि आपल्या आयुष्यातील ऐन कर्तृत्वाची वर्षे त्याने या महाराष्ट्रात वेचली, ही गोष्ट आपल्याकडेच फारशी कुणाच्या स्मरणात नाही.

डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या गावी झाला. वडील चित्रकार होते; मुलाच्या मधल्या नावातही त्यांनी एका थोर चित्रकाराची आठवण गुंफली होती. मुलगा मात्र वैद्यकाकडे वळला. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकत असता शरीररचनेचे अध्यापक हेन्री ग्रे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. विद्यार्थ्यांना परवडेल आणि शल्यवैद्याला उपयोगी पडेल असा ग्रंथ सिद्ध करण्याचा ग्रे यांचा मनोदय होता. मजकूर ग्रे यांनी लिहावा आणि चित्रे कार्टर यांनी काढावीत, असे ठरले. १८५६ आणि १८५७ या दोन वर्षांत सुमारे दीड वर्ष हे दोघे तरुण शवविच्छेदनगृहात खपत होते.

त्या मेजावर येणारे देह कोणाचे होते, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये १८३२ साली झालेल्या कायद्यान्वये अनाथालयांत आणि रुग्णालयांत मेलेल्या बेवारस दरिद्री माणसांचे देह विच्छेदनासाठी दिले जात. ज्यांच्या मृत्यूवर अश्रू ढाळणारे कोणी नव्हते अशा माणसांचे मेंदू, मणके आणि मज्जातंतू पुढे साऱ्या जगाचे पाठ्यपुस्तक झाले. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

कार्टर यांच्या चित्रांचे वैशिष्ट्य त्यांच्या सौंदर्यापेक्षा त्यांच्या स्पष्टतेत होते. तत्पूर्वीच्या ग्रंथांत अवयवावर बारीक अक्षर घालून त्याचे नाव अन्यत्र तळटीपेत देण्याची चाल होती. कार्टर यांनी स्नायू, रक्तवाहिनी वा मज्जातंतू यांचे नाव त्या त्या भागावरच, त्याच्या वळणाने लिहिले. डोळ्याला चित्र सोडून अन्यत्र धाव घ्यावी लागेना. १८५८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सुमारे ७५० पृष्ठे आणि ३६३ चित्रे होती. ग्रंथाच्या अपूर्व यशात या चित्रांचा वाटा निम्म्याहून कमी होता, असे कोण म्हणेल?

मोबदला मात्र समान नव्हता. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळावयाचे होते, तर कार्टर यांना एकदाच १५० पौंड. शीर्षकपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टर यांचे नाव आपल्या नावाच्या बरोबरीच्या अक्षरांत पाहून ग्रे यांनी ते लहान करावयास सांगितले आणि त्यांच्या मुंबईतील प्राध्यापकपदाचा उल्लेखही खोडून टाकला. १८६१ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी देवीच्या रोगाने ग्रे यांचा अंत झाला. परंतु ग्रंथाला त्यांचे नाव कायमचे चिकटले. कार्टर यांनी याविरुद्ध जाहीर वाद घातला नाही. मिळालेल्या पैशांतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले, ते बरोबर घेऊन १८५८ च्या आरंभी हिंदुस्थानचा रस्ता धरला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचे अध्यापन सुरू केले.

येथवरची हकीगत थोडीबहुत सांगितली जाते. कार्टर यांचे खरे संशोधन मात्र येथून पुढचे आहे. १८४५ साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयालगतच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात त्यांना कुष्ठरोगी दिसले. या रोगाने पछाडलेल्या माणसाचा हात निखाऱ्यावर पडला तरी त्याला चटका बसत नाही. बोटे आत वळतात, जखमा होतात आणि झडतात. हे असे का व्हावे? कोणी रक्तदोष म्हणे, कोणी आनुवंशिकता, आणि आपल्याकडे तर पूर्वजन्मीचे पाप. नॉर्वेतील अभ्यासकांचे लक्ष आधी मज्जारज्जूकडे गेले होते. कार्टर यांनी मृत रुग्णांच्या हातापायांतील मज्जातंतू उकलून पाहिले. हे मज्जातंतू सुजलेले आणि जाड झालेले त्यांना आढळले. १८६२ मध्ये मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी हे निरीक्षण मांडले. कोपराच्या मागच्या बाजूने जाणारा जो तंतू त्यांनी लंडनमध्ये निरोगी अवस्थेत रेखाटला होता, तोच आता रोगाने फुगलेला त्यांच्या हाती लागला. निरोगी रचना ज्याच्या बोटांत भिनलेली असते, त्यालाच विकृती ओळखता येते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

१८६३ ते १८७२ ही वर्षे त्यांनी साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काढली. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणारा एक विचित्र रोग तेव्हा मदुरा पाय या नावाने ओळखला जाई. पाय सुजून त्याला छिद्रे पडत आणि त्यांतून काळे वा पिवळसर कण बाहेर येत. हा रोग बुरशीमुळे होतो, हे कार्टर यांनी १८६० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले, त्याला मायसेटोमा हे नाव दिले आणि १८७४ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. गरिबाच्या चिखलाने माखलेल्या पायाकडे इतक्या बारकाईने पाहणारे डॉक्टर त्या काळी विरळाच होते.

१८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. कार्टर त्याच सुमारास तेथे गेले, रुग्णालये पाहिली, अहवाल लिहिला आणि परतल्यावर काठेवाडात कुष्ठरोग्यांची पाहणी केली. पुढे दख्खनच्या मोठ्या दुष्काळात, १८७७ मध्ये, भुकेकंगाल माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्याबरोबर उलटून येणारा एक ताप आला. रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळसे घेणारे जंतू कार्टर यांना आढळले. माकडांवर प्रयोग करून त्यांनी हा ताप रक्तावाटे संक्रमित होतो हे सिद्ध केले. या कामात त्यांना स्वतःला तो ताप जडला, पण त्यातून ते बरे झाले. १८८२ मध्ये त्यांचा यावरील ग्रंथ निघाला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळून १८८८ मध्ये ते निवृत्त झाले आणि ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने वारले.

कार्टर यांचे सारेच विचार आज ग्राह्य धरावेत, असे नाही. कुष्ठरोग्यांना समाजापासून वेगळे ठेवावे, या मताचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. औषध नव्हते, तेव्हा त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही, हे खरे; पण वेगळे ठेवण्याच्या त्या विचाराने पुढे लाखो माणसांना घरादाराला पारखे केले, हेही तितकेच खरे. नेमके निदान करणारा मनुष्यही उपायाच्या बाबतीत आपल्या काळाचा कैदी असू शकतो. १९८१ पासून बहुविध औषधोपचार उपलब्ध झाला आणि वेगळे ठेवण्याचे कारणच उरले नाही. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून काढून टाकावयास २०१९ साल उजाडावे लागले. रोगावर औषध निघाल्यानंतरही मनातला रोग किती वर्षे टिकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२००५ च्या अखेरीस देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दर १० हजारांत एकाहून कमी झाल्याचे जाहीर झाले. या घोषणेचा अर्थ रोग नाहीसा झाला असा अनेकांनी घेतला, तो चुकीचा आहे. आजही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. लवकर औषध सुरू झाले तर मज्जातंतू वाचतात. उशीर झाला तर जंतू मरतात, पण वाकडी झालेली बोटे आणि गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. येथे शिक्षकाचे काम डॉक्टरच्याही आधी सुरू होते. वर्गातील एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर त्याला मागच्या बाकावर बसवावयाचे नसते. आईवडिलांना विश्वासात घेऊन सरकारी आरोग्य केंद्रात पाठवावयाचे असते. औषध तेथे विनामूल्य मिळते.

आणि दुसरे कर्तव्य आपल्या सर्वांचे आहे. नवी वैद्यकीय महाविद्यालये निघाली की इमारती आणि यंत्रे येतात. पण मेंदू, मणके आणि मज्जातंतू शिकावयाचे ते मानवी देहावरच. ते देह केवळ बेवारसांचेच का असावेत? सुशिक्षितांनी विचारपूर्वक देहदानाचा निर्णय घेतला, तर लंडनच्या त्या अनामिक दरिद्री माणसांचे ऋण काही अंशी तरी फिटेल. कार्टर यांचे नाव शीर्षकपृष्ठावर लहान झाले, त्यांचे तर छापलेच गेले नाही. त्यांच्या देहांवरून जे ज्ञान मिळाले, त्याचा लाभ आपल्या गावातील कुष्ठरुग्णाच्या हातापर्यंत पोचवणे, हेच या सर्वांचे यथोचित स्मरण होय.