थांबलेल्या दिवसांची नेमत : मौलाना आझाद आणि अहमदनगरचा किल्ला

मुंबईच्या उपनगरांत माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. घाटकोपर-मुलुंडचा नोकरदार फज्रची नमाज घाईने अदा करून स्टेशन गाठतो आणि इशाच्या सुमारास थकून परततो. आजारपण, निवृत्ती किंवा बेकारी यांमुळे ही धावपळ एकाएकी थांबली, की मन प्रथम घाबरते. आपण निरुपयोगी झालो, असे वाटू लागते. अशा थांबलेल्या दिवसांत अल्लाहच्या नेमती कशा ओळखाव्यात, हे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

मौलानांचा जन्म 1888 साली पवित्र मक्का शहरात झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे कलकत्त्यातील प्रतिष्ठित पीर होते. घरीच शिक्षण घेऊन मौलानांनी अगदी कोवळ्या वयात दर्से निजामीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. परंतु वारशाने मिळालेल्या श्रद्धेवर त्यांचे समाधान होईना. तरुणपणी काही वर्षे ते संशयाच्या अंधारात भटकले. परंपरागत समजुतींचे बंधन आता उरले नाही, हे दर्शविण्यासाठीच त्यांनी ‘आझाद’ हे नाव धारण केले. पुढे शोध घेता घेता ते ईमानाकडे परतले. ते आता केवळ वडिलोपार्जित नव्हते, त्यांनी स्वतः कमावलेले होते.

1912 मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ साप्ताहिक सुरू केले. इंग्रज सरकारच्या रोषामुळे 1916 मध्ये त्यांना बंगालबाहेर जावे लागले आणि रांचीत साडेतीन वर्षांहून अधिक काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. या काळात त्यांनी तेथे मदरसा उभारला आणि कुरआनच्या भाषांतराचे काम चालविले. पोलिसांच्या झडत्यांत हस्तलिखिते गेली, तेव्हा झालेले काम पुन्हा करण्याची वेळ आली. अखेर 1931 साली ‘तर्जुमानुल कुरआन’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. सूरह फातिहाच्या विवेचनात त्यांनी ‘रब्ब’ या नावाचा अर्थ विस्ताराने उलगडला आहे. प्रत्येक जीवाला त्याच्या गरजेप्रमाणे, पायरीपायरीने वाढवीत पूर्णत्वास नेणारा तो रब्ब. विद्वानाने ग्रंथात मांडलेल्या या अर्थाची कसोटी मात्र अकरा वर्षांनी लागावयाची होती.

9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत मौलानांना अटक झाली. ते काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि ‘छोडो भारत’चा ठराव आदल्याच रात्री संमत झाला होता. बोरीबंदरहून निघालेल्या खास गाडीने नेत्यांना नेण्यात आले. ज्या मार्गावरून आपण रोज ये-जा करतो, त्याच मार्गाने ती गाडी घाटकोपर, मुलुंड मागे टाकीत कल्याणकडे गेली. गांधीजींना चिंचवडला उतरविण्यात आले. मौलाना, पंडित नेहरू, सरदार पटेल आदी नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. प्रारंभी वर्तमानपत्रे नव्हती आणि पत्रव्यवहारही नव्हता. काल लाखोंच्या सभेत असलेला माणूस आज चार भिंतींत होता.

तेथे मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत. स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करीत आणि त्या शांततेत लिहावयास बसत. स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली ही पत्रे पाठविण्याची सोय नव्हती, तरीही ते लिहीत राहिले. खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती आणि काडीकचरा सारखा खाली पडत असे. आधी मौलानांनी बांबू घेऊन त्यांना हुसकावून पाहिले. चिमण्या हटेनात, तेव्हा त्यांनीच हार मानली आणि तांदळाचे दाणे टाकू लागले. हळूहळू चिमण्या इतक्या निर्भय झाल्या, की त्यांच्या तळहातावर येऊन दाणे टिपू लागल्या. जमिनीवर निपचित पडलेले एक पिल्लू आईच्या पुनःपुन्हा केलेल्या प्रयत्नानंतर एके दिवशी अचानक झेपावले, हे दृश्य त्यांनी फार बारकाईने टिपले आहे. रब्ब या नावाचा अर्थ ग्रंथात लिहिणाऱ्याला तो येथे एका पिल्लाच्या पंखांत दिसला असेल, असे मला ते वाचताना नेहमी वाटते.

परंतु हा काळ केवळ निवांतपणाचा होता, असे समजू नये. कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. मौलानांनी त्यासाठी सरकारकडे कोणतीही याचना केली नाही. 9 एप्रिल 1943 रोजी त्यांचे निधन झाल्याची तार आली. अंतिम भेट नाही, जनाजाही नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, मोडकी कबर होती. ती कोणाची, हे कोणास ठाऊक नव्हते. त्या दिवसांत ती कबर पाहून मौलानांचे मन भरून येई. सुमारे तीन महिन्यांनी भोपाळमध्ये बहीण आबरू बेगम यांचेही निधन झाले. बाहेरून त्यांनी दिनक्रम ढळू दिला नाही. मात्र ही शांतता टिकविण्यासाठी मनाला किती झगडावे लागले, याची त्यांनी प्रामाणिकपणे कबुली दिली आहे. कारावासात त्यांचे वजन सुमारे चाळीस पौंडांनी घटले. सब्र म्हणजे दुःख न होणे नव्हे. दुःख होत असतानाही रब्बकडे पाठ न फिरविणे, हा सब्र होय.

जून 1945 मध्ये त्यांची सुटका झाली. पुढील वर्षी ती पत्रे ‘गुबारे खातिर’ या नावाने प्रकाशित झाली. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी देशाची सेवा केली आणि 22 फेब्रुवारी 1958 रोजी ते अल्लाहच्या भेटीस गेले. त्यांची कबर दिल्लीच्या जामा मशिदीजवळ आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणी आज घरी बसून असेल, कोणी रुग्णशय्येवर असेल. मुलांना वाटते, अब्बांचा वेळ जात नाही. त्यांनी अब्बांच्या शेजारी बसून एक प्याला चहा घ्यावा. घाईत अदा केलेल्या फज्रला आता दहा मिनिटे अधिक मिळतात. ज्या आयतींवरून जीभ वर्षानुवर्षे धावत गेली, त्यांचा अर्थ समजून घेता येतो. गॅलरीत येणाऱ्या पाखरासाठी मूठभर दाणे ठेवता येतात. गाडी थांबली, तरी रब्बचे पालनपोषण थांबत नाही.

अल्लाह तआला मौलानांवर रहमत करो आणि आपणा सर्वांना थांबलेल्या दिवसांतही शुक्र अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.