सरांना सांगायचं कसं?

जॉन हंटर म्हणजे अठराव्या शतकातल्या लंडनमधलं सर्जरीतलं मोठ्ठं नाव. जन्म १७२८, स्कॉटलंड. डिग्री नव्हती, पण माणसाचं शरीर त्यांच्याइतकं उलगडून पाहिलेले थोडेच होते. पंचेचाळिशीत छातीत कळा सुरू झाल्या. चिडले की हमखास यायच्या.

त्यांचा लाडका विद्यार्थी एडवर्ड जेनर, म्हणजे पुढे देवीची लस देणारा. असाच त्रास असलेल्या रुग्णाच्या शवविच्छेदनात त्याच्या सुरीला हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक, खरखरीत लागल्या. सरांनाही हेच झालंय, हे त्याने ओळखलं. पण उपायच नव्हता, म्हणून तो गप्प राहिला. १६ ऑक्टोबर १७९३ ला हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये वाद झाला आणि हंटर कोसळले. त्यांच्या रक्तवाहिन्याही हाडासारख्या कडक निघाल्या.

आज कारण कळलंय. वाहिनीच्या भिंतीत चरबी साचून सूज आली, की तिथल्या स्नायूपेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागतात आणि कॅल्शियम फॉस्फेट जमवतात. वर्षानुवर्षं, गुपचूप.

जेनरकडे औषध नव्हतं. आपल्याकडे तपासण्या आहेत, उपचारही आहेत. जिना चढताना बाबांच्या छातीत कळ येत असेल, तर गप्प बसू नका.