दोन थर्मामीटर, एकच आकडा

१७१४ साली हाले विद्यापीठातले नावाजलेले प्राध्यापक ख्रिश्चन वोल्फ यांना एका अठ्ठावीस वर्षांच्या कारागिराने दोन थर्मामीटर दिले. दोन्ही अल्कोहोलचे, दोन्ही त्याने स्वतः बनवलेले. वोल्फनी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींवर एकच आकडा! प्राध्यापक इतके चकित झाले, की त्यांनी त्यावर लाइपझिगच्या एका विज्ञान-पत्रिकेत लेखच लिहिला.

यात चकित होण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण त्या काळी थर्मामीटर म्हणजे ज्याचा त्याचा मामला होता. बंद नळीचे थर्मामीटर फ्लॉरेन्समध्ये पन्नासेक वर्षं आधीपासून बनत होते. नळी सुंदर, काच सुंदर, पण आकडे कारागिराच्या मर्जीचे. एकाचे १५ म्हणजे दुसऱ्याचे किती, ते कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे तापमान ‘मोजलं’ जात होतं, पण ते दुसऱ्याला कळवता येत नव्हतं. या कारागिराने ते जमवलं. त्याचं नाव डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट.

त्याचा जन्म २४ मे १६८६ चा, डॅन्झिगचा. हे बंदर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला गदान्स्क म्हणतात. घर खात्यापित्या व्यापाऱ्याचं. १४ ऑगस्ट १७०१ ला त्याचे आई-वडील एकाच दिवशी गेले, विषारी अळंबी खाण्यात आल्यामुळे. पोरगा पंधरा वर्षांचा, भावंडांत थोरला. पालकत्व ज्यांच्याकडे आलं, त्यांनी त्याला व्यापार शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला धाडलं. तिथे हिशेबाच्या वह्यांपेक्षा काचेच्या नळ्यांनी त्याला जास्त ओढलं. उपकरणांच्या नादात त्याने वारशाच्या भरवशावर कर्ज काढलं आणि नोकरी सोडली. मग घरच्यांनी थेट अटकेचीच व्यवस्था केली: सापडला तर पकडा आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढवून पूर्वेकडे रवाना करा. आपल्याकडे ‘इंजिनीअरिंग सोडतो’ म्हटल्यावर घरात जे होतं, ते त्यामानाने फारच सौम्य म्हणायचं.

चोविसाव्या वर्षी कायद्याने सज्ञान होईपर्यंत तो गावोगाव फिरत राहिला. याच भटकंतीत, १७०८ मध्ये, तो कोपनहेगनला ओले रोमर यांच्या दारात पोचला. प्रकाशालाही वेग असतो हे गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवून देणारे ते हेच रोमर. फॅरनहाइट गेला तेव्हा ते थर्मामीटरवर खुणा करत होते. बरेच थर्मामीटर त्यांनी पाणी आणि बर्फाच्या भांड्यात बुडवले, नळीतला द्रव थांबला तिथे खूण केली. मग तेच थर्मामीटर अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवून दुसरी खूण केली. मधल्या अंतराचे सारखे भाग पाडले. झालं काम!

बस, एवढंच. पण गंमत बघा, इथे आकडा कारागिराच्या डोक्यातून येत नाही, निसर्गातून येतो. बर्फ वितळतं ते कोपनहेगनमध्ये आणि डॅन्झिगमध्ये सारख्याच तापमानाला. आज आपण ज्याला कॅलिब्रेशन म्हणतो त्याचा गाभा हाच आहे.

रोमर यांच्या पट्टीवर बर्फाला साडेसात आणि अंगाच्या उष्णतेला साडेबावीस असे अवघड आकडे येत. फॅरनहाइटने सगळ्याला चारने गुणलं, ३० आणि ९० झाले. पुढे त्यात फेरफार करून ३२ आणि ९६ केले. हे ३२ कुठून आलं म्हणून शाळेत आपण सगळ्यांनीच वैतागून घेतलंय. पण ९६ वजा ३२ म्हणजे ६४. अंतर निम्मं करा, परत निम्मं, असं सहा वेळा केलं की एकेका अंशाची रेघ मिळते. काचेवर हाताने रेघा ओढणाऱ्याला ही केवढी सोय!

अल्कोहोल सोडून तो पाऱ्याकडे वळला. अल्कोहोल लवकर उकळतं, पारा तापवत नेला तरी बराच टिकतो. पण पारा मळका असेल तर काचेला चिकटतो, म्हणून तो शुद्ध करण्यावर फॅरनहाइटने मेहनत घेतली. १७१७ च्या सुमारास तो अ‍ॅमस्टरडॅमला स्थिरावला. उपकरणं विकायची आणि रसायनशास्त्रावर व्याख्यानं द्यायची, असा त्याचा उद्योग. लग्न केलं नाही. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. त्याच वर्षी लॅटिनमध्ये त्याचे पाच छोटे निबंध छापून आले. त्यात त्याने शून्याची कृतीही दिली आहे: बर्फ, पाणी आणि नवसागर किंवा मीठ. सोबत हेही नोंदवून ठेवलं, की हा प्रयोग उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात चांगला साधतो. स्वतःच्याच शून्याची लंगडी बाजू असं छापून सांगणारा माणूस मला तरी फार आवडतो.

पाणी नेहमी एकाच अंशाला उकळतं असं त्याने वाचलं होतं. तपासल्यावर त्याला दिसलं, की हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदूही सरकतो. महाबळेश्वरला चहाचं पाणी १०० सेल्सिअसच्या चार-साडेचार अंश आधीच उकळतं, ते यामुळेच. म्हणजे उकळत्या पाण्यात थर्मामीटर तपासायचा, तर आधी बॅरोमीटर बघायला हवा.

त्याच्या मालातही तक्रार निघाली. लायडनचे प्रख्यात वैद्यक-प्राध्यापक बूरहाव यांना दिसलं, की फॅरनहाइटचाच पाऱ्याचा आणि अल्कोहोलचा थर्मामीटर पूर्ण जुळत नाहीत. फॅरनहाइटने बोट ठेवलं काचेवर: वेगवेगळ्या देशांतली काच तापल्यावर वेगवेगळी फुगते. दोन खुणा जुळल्या म्हणून मधलं सगळं जुळतंच असं नाही, हा धडा मात्र पक्का झाला. म्हणूनच आजही कारखान्यातला सेन्सर एका नाही, तर अनेक तापमानांना तपासतात.

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे रोजचं. औषध कंपनीत किंवा डेअरीत सेन्सरवर छोटा स्टिकर दिसतो: कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी. दूध पाश्चराइज करताना ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवतात. सेन्सर दोन अंश जास्त दाखवत असेल, तर दूध प्रत्यक्षात ७० वरच राहतं आणि स्क्रीन मात्र खुशाल ७२ दाखवते. म्हणून तपासणीला आलेला अधिकारी आधी सर्टिफिकेट मागतो. कारखान्याचा सेन्सर ‘एनएबीएल’ची मान्यता असलेल्या लॅबच्या उपकरणाशी ताडलेला, ते उपकरण त्याहून अचूक उपकरणाशी, असं करत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. कारखान्यांत सर्रास दिसणाऱ्या ‘पीटी १००’ सेन्सरच्या नावातलं १०० म्हणजे शून्य सेल्सिअसला १०० ओहम रोध. तो तपासायला आजही बर्फाचं भांडं वापरतात. फॅरनहाइटचं ३२ ते हेच.

१७३६ च्या उन्हाळ्यात तो हेगला गेला. पाण्याखालची जमीन कोरडी करणाऱ्या एका पंपाचं पेटंट हवं होतं. तिथेच आजारी पडला आणि १६ सप्टेंबरला गेला. वय ५०. हातात जवळपास काही उरलं नव्हतं. गरिबांचा करतात तसा, चौथ्या श्रेणीचा अंत्यविधी झाला.

त्याच्या माघारी लोकांनी त्याची पट्टीही नव्याने कॅलिब्रेट केली. मीठ-बर्फाचं शून्य आणि माणसाची काख या दोन्ही खुणा सोडून बर्फाचे ३२ आणि उकळत्या पाण्याचे २१२ पक्के धरले. अंश किंचित सरकले, आणि त्याने ९६ वर ठेवलेला निरोगी माणूस ९८.६ वर जाऊन बसला.