मनाचे अभ्यासक : डॉ. गोपालस्वामी

माणसाचे शरीर डोळ्यांना दिसते, मन मात्र दिसत नाही. अंगात ताप असला तर तो मोजता येतो. परंतु बुद्धी, स्मरण, लक्ष किंवा भीती यांचे मोजमाप कसे करावे? दीर्घ काळ हा तत्त्वज्ञांच्या चिंतनाचा विषय होता. १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी मनाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र हे प्रयोगाचे शास्त्र बनले. भारतात या शास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. त्यानंतर १९२४ मध्ये म्हैसूर येथे जो विभाग निघाला, त्याची उभारणी डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी केली.

गोपालस्वामी यांचा जन्म १८९६ सालचा. उच्च शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात चार्ल्स स्पिअरमन हे प्राध्यापक होते. माणूस कोणतेही बौद्धिक काम करीत असला तरी त्यामागे एक सर्वसामान्य बुद्धिशक्ती असते, असा सिद्धान्त त्यांनी १९०४ मध्ये मांडला होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गोपालस्वामींनी संशोधन केले. हातांनी एखादी नवी क्रिया शिकताना बुद्धीचा कितपत उपयोग होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

अशा अभ्यासात वापरला जाणारा एक प्रयोग फार साधा आहे. कागदावर एक चांदणी काढलेली असते. कागद आणि हात यांवर आडोसा धरतात, त्यामुळे ते थेट दिसत नाहीत. समोरच्या आरशात फक्त त्यांचे प्रतिबिंब दिसते. त्या प्रतिबिंबाकडे पाहत चांदणीच्या कडेवरून पेन्सिल फिरवायची. आरंभी हात भलतीकडेच जातो. शिकलेला माणूसही गोंधळतो, चिडतो. परंतु पाच-दहा वेळा प्रयत्न केल्यावर चुका कमी होतात आणि वेळही कमी लागतो. शिकणे ही क्रिया कशी घडते, हे येथे डोळ्यांसमोर दिसते. जुनी सवय आडवी येते, चुका होतात, आणि त्या चुकांमधूनच हाताला वळण लागते. मानसशास्त्राच्या पदवी वर्गात हा प्रयोग आजही करून घेतला जातो.

गोपालस्वामी मायदेशी परतले तेव्हा म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू ब्रजेंद्रनाथ सील हे थोर तत्त्वज्ञ होते. त्या वेळी बंगळूरुचे सेंट्रल कॉलेज आणि म्हैसूरचे महाराजा कॉलेज ही दोन्ही याच विद्यापीठात होती. विज्ञानाचे शिक्षण मुख्यतः बंगळूरुला, तर कला शाखेचे म्हैसूरला मिळे. महाराजा कॉलेजातील नव्या विभागाची धुरा गोपालस्वामींकडे आली. त्यांनी तेथे प्रयोगशाळा उभी केली. वर्गात ऐकलेली गोष्ट विद्यार्थ्यांना स्वतः करून पाहता येऊ लागली.

येथे एक अडचण होती. बुद्धिमापनाच्या कसोट्या इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांसाठी तयार झालेल्या होत्या. समजा, ज्या मुलाने कधी बर्फ पडताना पाहिला नाही, त्याला बर्फाविषयी प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर त्याला मंदबुद्धी ठरवावे काय? दोष मुलाचा नसून प्रश्नाचा असतो. कसोटी मुलाच्या भाषेत आणि त्याच्या जीवनाला धरून नसेल, तर ती बुद्धी मोजत नाही, केवळ परकेपणा मोजते. गोपालस्वामींनी पाश्चात्त्य कसोट्या जशाच्या तशा न वापरता त्यांना भारतीय रूप दिले. त्यांच्या कार्याचे महत्त्व मुख्यतः येथेच आहे.

त्यांचे दुसरे कार्य अधिक लोकांना ठाऊक आहे. १० सप्टेंबर १९३५ रोजी त्यांनी म्हैसूरमधील 'विठ्ठल विहार' या आपल्या राहत्या घरातून एका लहानशा यंत्राच्या साहाय्याने नभोवाणी केंद्र सुरू केले. या केंद्राचे नाव होते 'आकाशवाणी'. १९३१ च्या जनगणनेनुसार तेव्हा देशात शंभरांत दहा जणांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. पुस्तक वाचण्यास अक्षरओळख लागते. ऐकण्यास ती लागत नाही. अर्थात रेडिओ घेणेही तेव्हा थोड्यांनाच परवडे, आणि केंद्र चालविणे तर त्याहून खर्चाचे होते. गोपालस्वामींनी स्वतःच्या पैशाने ते काम सुरू ठेवले. पुढे नगरपालिकेचे साहाय्य मिळाले आणि १९४२ मध्ये म्हैसूर संस्थानाने केंद्र आपल्याकडे घेतले. १९५५ मध्ये ते बंगळूरुला हलविण्यात आले. स्वातंत्र्यानंतर देशाच्या नभोवाणीनेही 'आकाशवाणी' हेच नाव स्वीकारले. १९५७ मध्ये गोपालस्वामींचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत बंगळूरुमध्ये मनाच्या अभ्यासाचे आणखी एक दालन उघडले होते. १९५४ मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. मानसशास्त्र शिकलेल्यांना रुग्णसेवेसाठी तयार करण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. १९७४ मध्ये तिचे रूपांतर 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेत झाले. आज बंगळूरुच्या अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्र हा पदवीचा विषय आहे आणि पुढे समुपदेशनाचे शिक्षणही घेता येते. समुपदेशक औषध देत नाही. तो दुःखी माणसाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकतो आणि त्याला आपला मार्ग शोधण्यास मदत करतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिच्या मार्गदर्शनाचे मुख्य केंद्र निम्हान्स हेच आहे. १४४१६ या क्रमांकावर मनाची व्यथा मराठीतही सांगता येते. त्यासाठी लिहिता-वाचता येण्याची अट नाही. माणसाचे मन समजून घ्यायचे तर त्याच्याच भाषेत त्याच्यापर्यंत जावे लागते, हे गोपालस्वामींनी कसोट्या बदलताना आणि घरातून नभोवाणी चालविताना प्रत्यक्ष करून दाखविले होते.