ज्युडिथ लेइस्टर

हॉलंड देशांतील हार्लेम शहरीं सन १६०९ मध्यें ज्युडिथचा जन्म झाला. तिच्या पित्याचें नांव यान विलेम्सझोन, म्हणजे विलेमचा पुत्र यान. आपल्याकडे जसें गांवावरून किंवा धंद्यावरून आडनांव पडतें, तसें या गृहस्थास तें एका कारखान्यावरून मिळालें. त्यानें बीअर गाळण्याचा जो कारखाना घेतला, त्याचें नांव लेइस्टर होतें. डच भाषेंत या शब्दाचा अर्थ खलाशांस वाट दाखविणारा ध्रुवतारा असा आहे. पुढें पित्याचें दिवाळें निघालें व कारखाना गेला. नांव मात्र मुलीजवळ राहिलें. हें विरळा आडनांव आज जगास ठाऊक आहे तें केवळ तिच्या चित्रांमुळें. आणि तेंही दोनशें वर्षांहून अधिक काळ पुसलें गेलें होतें. त्याचीच हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

ज्युडिथ विशीच्या आंतच चित्रकार म्हणून ओळखली जाऊं लागली. गाणारे, वाजविणारे, हंसणारीं मुलें हे तिचे आवडते विषय. सन १६३१ चें तिचें एक लहानसें चित्र हेग येथील संग्रहालयांत आहे. रात्रीं दिव्याजवळ एक स्त्री शिवीत बसली आहे. एक पुरुष मूठभर नाणीं पुढें करून तिला मोह घालीत आहे. ती मान वर न करितां टांका घालीत आहे. आम्हांस तिच्या साऱ्या चित्रांत हेंच श्रेष्ठ वाटतें. चित्रावर सही करितांना ती आपल्या नांवाचीं दोन आद्याक्षरें एकांत एक गुंफी व त्यांपुढें एक तारा काढी.

त्या काळीं शहरांत चित्रकाराचा स्वतंत्र धंदा करण्यास कारागिरांच्या संघाची अनुज्ञा लागे. चित्रकारांचा संघ शुभवर्तमानकार संत लूक याच्या नांवानें चाले व त्यांत स्त्रिया क्वचितच घेतल्या जात. सन १६३३ मध्यें ज्युडिथला त्यांत प्रवेश मिळाला. लवकरच तिच्यापाशीं मुलगे शिकावयास राहिले. सन १६३५ मध्यें त्यांतील एक विद्यार्थी तिची चित्रशाळा सोडून सुप्रसिद्ध चित्रकार फ्रान्स हाल्स याच्याकडे गेला. ज्युडिथनें संघाकडे दाद मागितली. मुलाच्या आईनें चार गिल्डर द्यावेत असें ठरलें. मागितले होते त्याच्या निम्मे! शिवाय विद्यार्थ्याचें नांव संघांत नोंदविलें नव्हतें म्हणून उलट ज्युडिथलाच दंड झाला. नियम तो नियम; तरी एवढ्या मोठ्या चित्रकारासही न भितां या सव्वीस वर्षांच्या बाईनें तक्रार नेली, हें आम्हांस विशेष वाटतें.

सन १६३६ मध्यें तिनें यान मीन्से मोलेनार या चित्रकाराशीं विवाह केला व तीं दोघें ॲम्स्टरडॅमला गेलीं. त्यानंतरचीं तिचीं चित्रें फारच थोडीं आहेत. पांच मुलें झालीं, त्यांतलीं दोनच वाढलीं. संसार आणि पतीच्या धंद्याचा व्यवहार यांत तिचे दिवस गेले. फेब्रुवारी १६६० मध्यें हार्लेमजवळील हीमस्टेड येथें तिला मूठमाती दिली. आठ वर्षांनीं मोलेनारही वारला. त्याच्या मालमत्तेची यादी झाली तेव्हां कांहीं चित्रें मयताच्या बायकोचीं म्हणून लिहिलीं गेलीं. नांव लिहिण्याची कोणास गरज भासली नाहीं.

पुढें तिचीं चित्रें हाल्सचीं म्हणून विकलीं जाऊं लागलीं. सन १८९३ मध्यें लंडन येथें दोन चित्रव्यापाऱ्यांत एक दावा लागला. मद्याच्या पेल्यासह रमलेल्या एका जोडप्याचें चित्र हाल्सचें म्हणून साडेचार हजार पौंडांस विकलें गेलें होतें. पण त्यावर गुंफलेलीं अक्षरें व तारा सांपडला! हरपलेली चित्रकर्ती गवसली याचा आनंद तेथें कोणास झाल्याचें दिसत नाहीं. चित्राची किंमत किती उतरली, एवढाच वाद. चित्र तेंच, रंगही तेच. बदललें तें फक्त कर्त्याचें नांव. त्याच वर्षीं हॉफस्टेड द ग्रोट या डच विद्वानानें त्या ताऱ्याचा माग काढून अशीं सात चित्रें तिचीं म्हणून दाखविलीं. मग इतरही ओळखलीं गेलीं. वादाचें तें चित्र सन १९१४ मध्यें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत गेलें. तेथें त्यावर आतां ज्युडिथ लेइस्टर हेंच नांव आहे.